हात वाचला, आता तो कामाला लावायचा कुणी?

सोयाबीन काढणीला आलं की चारठाणा शिवारात मळणी यंत्रं रात्री-बेरात्री चालतात. माणूस दमलेला, उजेड कमी, सदऱ्याची बाही ढिली. डोळ्याचं पातं लवायच्या आत हात ओढला जातो. माझ्या सज्जातल्या एका शेतकऱ्याचं असंच झालं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, दवाखान्यानं घरी पाठवलं. पुढं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. जपायचा म्हणून त्यांनी हात चार महिने गळ्यात बांधून ठेवला. आता बोटं आखडलीत. विळा धरवत नाही. गुंडी लावायला लेकाला हाक मारावी लागते.

माझं काम बी-बियाणं, खतं अन् फवारणीचं. तरी हे लिहितोय, कारण शेतकऱ्याचं पहिलं अवजार त्याचा हातच आहे.

अशा हाताला परत कामाला लावण्याचं शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी. नाव ऐकून हे धंद्याचं प्रशिक्षण समजू नका. फिजिओथेरपीत सांधे, स्नायू आणि हालचाल यांवर भर असतो. व्यवसायोपचार तीच हालचाल रोजच्या कामात आणतो. जेवण, अंघोळ, कपडे, दूध काढणं, खुरपणी, सगळं त्यात आलं. बोट आखडू नये म्हणून स्प्लिंट बनवून देतात, खुरप्याची मूठ जाड करायला सांगतात, लकवा मारलेल्याला एका हातानं कामं करायला शिकवतात. वाढीत मागं पडलेल्या लेकरांनाही याचा उपयोग होतो.

ही विद्या आपल्या राज्याला नवी नाही. अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातली पहिली शाळा उभी केली. त्यांचेच चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला कृषी संशोधन संस्था काढली. त्या संस्थेची करडईची वाणं आणि 'नारी सुवर्णा' मेंढी आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक आहे. आईनं हात बरे करायची विद्या आणली, लेकानं त्या हातांसाठी बियाणं दिलं. बियाणं गावात पोचलं, विद्या मात्र शहरातच राहिली. दुसरी शाळा १९५८ मध्ये नागपूरला निघाली. शिक्षण मोठ्या शहरात, नोकरीही तिथंच, मग जिंतूर तालुक्याकडं कोण येणार?

म्हणून शोध आपल्यालाच घ्यावा लागतो. तो असा घ्या. दवाखान्यातून सुटी होतानाच डॉक्टरांना विचारा, 'हाताचा व्यायाम कधी सुरू करायचा, आणि कुणाकडं?' सुटीच्या कागदावर तसं लिहून घ्या. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रातून वरच्या रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. पहिली चौकशी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात करा. परभणीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. लेकराचा प्रश्न असेल तर अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडी-शाळेत तपासणीला येतं आणि लेकराला पुढच्या उपचाराला पाठवतं. व्यवसायोपचारतज्ज्ञ मिळेपर्यंत फिजिओथेरपिस्टला तरी दाखवाच. आखडलेला हात वाट पाहत नाही.

माणूस खरा की नुसता पाटीवाला, हेही बघा. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यानं व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे. बियाणं घेताना आपण पिशवीवरचं लेबल आणि दुकानदाराचा परवाना बघतो, तसा इथं पदवी आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात अपमान नाही. चोळून हाड बसवणाऱ्याच्या हाती ताजी जखम देऊ नका.

आता सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांसाठी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक हात किंवा पाय गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं द्यायचा असतो. म्हणजे गेलेल्या हाताचा विचार सरकारनं केला आहे. पण जो हात अंगाला आहे आणि चालत नाही, त्याचं काय? ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. दिव्यांगाला साहित्य देता येईल का, ते या निधीतून बघा. वर्षातून एक शिबिर गावात व्हावं, असा ठराव ग्रामसभेत घेऊन जिल्हा परिषदेकडं पाठवा. मागणीच गेली नाही तर 'तिकडं गरज नाही' असंच वर समजलं जातं.

त्या शेतकऱ्याला आम्ही आता परभणीला न्यायचं ठरवलंय. उशीर झाला आहे, पूर्ण हात येईल असं मी म्हणत नाही. गुंडी लावता आली तरी घरादाराला आनंद होईल. तुमच्या गल्लीत असा हात गळ्यात बांधलेला कुणी दिसला, तर चार महिने थांबू नका.