तारा आधी की संघ आधी?

तळाला गेलेल्या संघाने महागडा खेळाडू घ्यावा का? प्रो कबड्डीचा दहावा हंगाम याचे उत्तर देतो. नवव्या हंगामात तेलुगू टायटन्स तळाशी होता. पुढच्या लिलावात त्याने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती ५ कोटींची, म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा एकाच चढाईपटूवर गेला. पवनने गुण भरपूर आणले, तरी टायटन्स २२ पैकी दोनच सामने जिंकून पुन्हा शेवटी राहिला. यात पवनचा दोष नाही. चढाईत मिळवलेला गुण बचावात टिकवायला उरलेले सहा जणही तयार लागतात.

याउलट पुणेरी पलटणने आधी नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारसारखी तरुण पोरे घडवली आणि नवव्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईवर २ कोटी ३५ लाख खर्च केले ते त्यानंतर. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटणने दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. पैसा दोघांनीही ओतला होता, फरक वेळेचा होता.

उमरी परिसरातल्या कबड्डी मंडळांनी हे मनावर घ्यावे. जत्रेतल्या बक्षिसासाठी बाहेरचा नावाजलेला खेळाडू मानधन देऊन आणला की गावची पोरे राखीव बसतात. तोच पैसा दोन-तीन वर्षे मॅट, प्रशिक्षक आणि पोरांच्या खुराकावर घाला. बाहेरचा खेळाडू त्यानंतर जरूर आणा.