दप्तर जनतेचे, वकील कोणाचा?

राज्यकारभाराचे दप्तर ही राज्यकर्त्याची खासगी मिळकत नव्हे, ही साधी गोष्ट अमेरिकेत कायद्याने सांगावी लागली. ऑगस्ट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडलेल्या निक्सन यांनी पुढच्याच महिन्यात सरकारशी करार केला. त्यानुसार वॉटरगेटच्या ध्वनिफिती कालांतराने नष्ट होणार होत्या. काँग्रेसने त्याच वर्षी कायदा करून तो डाव उधळला आणि १९७८ च्या कायद्याने पुढील राष्ट्राध्यक्षांची दप्तरे राष्ट्राच्या मालकीची ठरविली.

परंतु या मालकीसाठी न्यायालयात भांडणार कोण? सरकारचा नोकर असलेला वकील त्याच सरकारच्या आजी-माजी प्रमुखाविरुद्ध कितपत निर्भयपणे उभा राहील? ‘स्वतंत्र’ अभियोक्त्याची कल्पना या प्रश्नातूनच पुढे आली आणि तिची कसोटी २० ऑक्टोबर १९७३ रोजीच लागली होती. आर्चिबॉल्ड कॉक्स ध्वनिफितींचा आग्रह सोडीनात, म्हणून निक्सन यांनी त्यांच्या बडतर्फीचा हुकूम दिला. अॅटर्नी जनरल रिचर्डसन यांनी तो बजावण्याऐवजी राजीनामा दिला, त्यांचे दुय्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला. अखेर बोर्क यांनी तो बजावला. जनक्षोभ उसळला, तेव्हा कुठे जवॉर्स्की यांची नेमणूक झाली आणि जुलै १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिती हजर करण्यास फर्मावले.

अभियोक्त्याची निवड न्यायाधीशांनी करावी, अशी तरतूद १९७८ मध्ये झाली. १९९९ मध्ये तिची मुदत संपली, आणि दोन्ही भांडवली पक्षांनी ती संपू दिली. परिणाम उघड आहे. ट्रम्प यांच्या निवासस्थानी सापडलेल्या गोपनीय कागदपत्रांच्या प्रकरणी नोव्हेंबर २०२२ मध्ये जॅक स्मिथ यांना नेमले ते अॅटर्नी जनरलनेच. जुलै २०२४ मध्ये न्यायाधीश एलीन कॅनन यांनी ती नेमणूकच घटनाबाह्य ठरवून खटला काढून टाकला. ट्रम्प पुन्हा निवडून येताच त्यांच्यापुरते अपीलही मागे घेण्यात आले. कागद बेकायदा ठेवले होते की नाही, याचा निवाडा झालाच नाही!

नियुक्तिपत्रातील ‘स्वतंत्र’ या विशेषणाने कोणी स्वतंत्र होत नाही. नेमणूक कार्यकारी सत्तेच्या हातून काढणे, बडतर्फीची कारणे न्यायालयापुढे मांडणे बंधनकारक करणे आणि अहवाल जनतेपुढे ठेवणे, एवढे तरी कायद्यात असले पाहिजे. आणि कायदाही संघटित, जागरूक जनमताच्या रेट्याविना निर्जीव कागदच ठरतो, हाच १९७३ चा धडा होय.