गाडीचा खडखडाट

आमच्या पुतण्याने जुनी मारुती ओम्नी घेतली आहे (कंपनीने ती बनवणे २०१९ मध्येच थांबवले). आत झोपायची फळी, शेगडी, भांड्यांचे कपाट. आंबिवलीहून मुरबाडमार्गे माळशेजपर्यंत नुसता खडखडाट, आणि हिची कंबर धरलेली! यावर जाड गादी घालायची नि गाणी मोठ्याने लावायची, हा लोकांचा उपाय मला पटत नाही. ओम्नीला मागे कमानपाटे असतात. त्यांचे रबरी बुश झिजले की खड्डा थेट कंबरेत. आधी चाकातली हवा, बुश, शॉकअप बघावेत. मग एकाने गाडी हळू चालवावी, दुसऱ्याने मागे बसून एकेक वस्तू दाबावी. आवाज थांबेल तिथे रबराची पट्टी लावावी. भांड्यांचा आवाज जरूर घालवा, पण गाडीचा ऐकू आलाच पाहिजे. सैल नट आवाजानेच कळतो. असो. रविवारी बुश बदलणार आहेत, मागे बसून दाबायचे काम माझ्याकडे आहे.