यंत्रोपचार : वहिनींचा कॅमेरा



मागच्या अंकात घरातल्या वाय-फायची दुखणी काढली, तेव्हा ‘पुढच्या वेळी प्रिंटर’ असे कबूल केले होते. प्रिंटरवाल्यांनी क्षमा करावी. मध्येच एक तातडीची केस आली आणि ती मला इतके शिकवून गेली, की रांग मोडून तिलाच आधी आत घेतो आहे.

त्याचे असे झाले. यंदाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात मी श्रीखंडाच्या रांगेत उभा होतो. मागून हाक आली, ‘‘भाऊजी, एक मिनिट!’’ पाहतो तो आमच्या एका जुन्या स्नेह्यांची पत्नी. (नावे सांगत नाही, कारण पुढे नवरोबांच्या अब्रूचा प्रश्न येणार आहे.) वहिनींनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून रुमाल काढला आणि रुमालातून निघाला चंदेरी रंगाचा एक छोटा डिजिटल कॅमेरा.

‘‘हा कॉम्प्युटरला लागतच नाही हो. चार वायरी लावून झाल्या.’’

मी सवयीने म्हटले, ‘‘वहिनी, वीस वर्षांचा कॅमेरा हा. आता फोनवर याच्यापेक्षा चांगले फोटो येतात. कशाला जीव काढताय?’’

‘‘यात आई आहे,’’ त्या म्हणाल्या.

त्या दिवशी श्रीखंड काही फारसे गोड लागले नाही.

हकिगत अशी. डिसेंबर २००६ मध्ये वहिनी साताऱ्याला माहेरी गेल्या होत्या. त्यानंतर व्हिसा आणि नोकरीच्या भानगडीत तीन वर्षे जाणे झाले नाही आणि २००९ मध्ये आई गेल्या. पुढे ते घरही विकले. सहलीचे फोटो ‘उतरवून घेऊ एकदा’ म्हणता म्हणता कॅमेरा ड्रॉवरमध्ये गेला, तो गेलाच. आपल्यापैकी किती जणांच्या ड्रॉवरमध्ये असा एक कॅमेरा असेल, ते ज्याचे त्याने मनात मोजावे.

शनिवारी दोघे कॅमेरा घेऊन आमच्या घरी आले.

पहिला धडा. वायरीला हात लावण्याआधी कॅमेऱ्याचे पोट उघडून पाहा. आत दोन पेन्सिल सेल होते आणि त्यांच्या टोकांना पांढरट-हिरवट पूड धरली होती. अल्कलाइन सेल वर्षानुवर्षे आत राहिले की गळतात. त्यातून जे बाहेर येते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. त्याला उतारा आम्लाचा. हातमोजे घालून सेल काढले, कापसाच्या काडीचे टोक व्हिनेगरमध्ये जेमतेम ओले केले आणि पत्र्याच्या पट्ट्या पुसल्या. (‘‘लिंबू चालेल का?’’ आमच्या सौ.नी विचारले. चालते.) मग कोरड्या काडीने पुसून तासभर वाळू दिले आणि नवे सेल घातले. कॅमेऱ्याने भिंग बाहेर काढले, पडदा उजळला आणि आजची तारीख काय म्हणून विचारले. इतकी वर्षे झोपलेल्या माणसाने दुसरे काय विचारावे?

नवे सेल का, तेही सांगतो. अर्धमेल्या सेलवर कॅमेरा सुरू होतो, एखादा फोटोही दाखवतो, पण कॉम्प्युटरशी बोलणे सुरू झाले की मान टाकतो. आपण दोष देतो वायरीला.

दुसरा धडा. फोटो बहुधा कॅमेऱ्यात नसतात, कार्डात असतात. तेव्हा कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायचा हट्ट सोडा आणि कार्ड काढून सरळ कार्ड रीडरमध्ये घाला. दहा-वीस डॉलरची वस्तू. फक्त कार्डाची जात पाहून घ्या. एसडी कार्ड आजच्या रीडरमध्ये चालते. पण ऑलिम्पस आणि फुजीफिल्मने २००२ मध्ये आणलेले एक्सडी कार्ड किंवा सोनीचे मेमरी स्टिक त्या खाचेत बसत नाही, त्यांना अनेक खाचांचा रीडर लागतो. उलट बाजूने पाहिले, तर २००६ मध्ये आलेली एसडीएचसी कार्डे त्याआधीच्या रीडरला वाचता येत नाहीत. जुना रीडर असेल, तर दोष कार्डाचा नाही.

आता नवरोबांची गोष्ट. घरच्या एका जुन्या रीडरमध्ये त्यांनी हे कार्ड आधीच घालून पाहिले होते. कॉम्प्युटरने विचारले, ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?’ हे सरळमार्गी गृहस्थ. म्हणाले, ‘‘तो विचारतोय, तर करून टाकू.’’ वहिनींना फॉरमॅट म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हते, पण त्यांनी लॅपटॉपचे झाकणच बंद केले. या एका कृतीबद्दल मंडळाने त्यांना शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही.

कारण त्या प्रश्नाचा अर्थ ‘कार्ड रिकामे आहे’ असा नसतो. ‘मला यातली अनुक्रमणिका वाचता येत नाही’ एवढाच असतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली, म्हणून कोणी पुस्तक रद्दीत घालत नाही. अशा वेळी ‘नाही’ म्हणावे, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ फडक्याने पुसाव्यात आणि दुसरा रीडर लावून पाहावा. तरीही जमले नाही, तर फोटोरेक नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, तो अनुक्रमणिकेशिवाय पानेच चाळून फोटो शोधून काढतो. सापडलेले फोटो मात्र त्याच कार्डावर साठवू नयेत, कॉम्प्युटरवर साठवावेत. आणि तोवर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये. पुसलेले फोटोसुद्धा त्यांच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बरेचदा शाबूत असतात.

आमच्या रीडरमध्ये कार्ड पहिल्याच झटक्यात उघडले. डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये एकशे एकतीस फोटो! अजिंक्यताऱ्याची वाट, अंगणातली तुळस, भाच्याची सायकल. एका फोटोत आई तुळशीपाशी निरांजन घेऊन उभ्या, मागे अंधारून आलेले, आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ सकाळचे आठ. नवरोबा म्हणाले, ‘‘कॅमेरा बिघडलाच होता तेव्हा.’’ बिघडला नव्हता. न्यू जर्सीचे घड्याळ कोणी बदललेच नव्हते. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात. आई दिवेलागणीला उभ्या होत्या, कॅमेरा मात्र इकडच्याच वेळेला होता. आपले सगळ्यांचेच तिकडे गेल्यावर पहिले चार दिवस असे होते.

मी विजयी मुद्रेने मागे टेकलो. वहिनी मात्र पुन्हा पुन्हा फोटो खाली-वर करत होत्या.

‘‘यात तो नाही, भाऊजी. आईचा बोलतानाचा. स्वयंपाकघरातला. मी काढला होता. पक्का काढला होता.’’

पुसला गेला असेल, असे मी म्हणणार तोच त्यांना आठवले, ‘‘निघायच्या दिवशी कार्ड भरलं होतं. भाचा म्हणाला, आत्या, कार्ड काढ, आत थोडी जागा असते.’’

इथे मी माझा दुसरा धडा अर्धा मागे घेतो. त्या काळच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना कार्डाखेरीज स्वतःची चिमुकली मेमरी असे. वहिनींच्या कॅमेऱ्यात ती होती जेमतेम चौदा मेगाबाइट. अशा कॅमेऱ्यात कार्ड घातलेले असेल, तर तो फक्त कार्डच दाखवतो, पोटातले दाखवतच नाही. कार्ड बाहेर काढून कॅमेरा सुरू केला. पडद्यावर दोन फोटो आले आणि तिसऱ्या चौकटीवर चित्रपटाची छोटी खूण. वहिनींनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र हलले, पण आवाज नाही. त्या कॅमेऱ्याला स्पीकरच नव्हता. म्हणजे आता वायरीला पर्याय उरला नाही. (काही कॅमेऱ्यांत पोटातले फोटो कार्डावर उतरवायची सोय मेनूत असते. असली तर जरूर वापरा. यात मला ती सापडली नाही.)

तिसरा धडा, वायर. साध्या यूएसबी वायरीच्या पोटात चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. चार्जिंगपुरत्या बनवलेल्या स्वस्त वायरींत माहितीच्या तारा नसतातच. वरून ओळखू येत नाही. नवरोबांनी लावलेल्या चारांपैकी दोन या जातीच्या होत्या. उरलेल्या दोन कॅमेऱ्याच्या तोंडात नीट बसतच नव्हत्या, कारण त्या कॅमेऱ्याचे तोंड दिसायला मिनी-यूएसबीसारखे, पण आत आठ टोके. असे तोंड असेल तर जोर लावू नका, आतल्या पट्ट्या वाकतात. मॉडेलचा नंबर पाहून त्याचीच वायर मिळवा. वहिनींच्या घरी बिस्किटांचा निळा डबा आहे. त्यात बिस्किटे कधीच नव्हती, आधी सुई-दोरा होता, आता वायरी आहेत. नवरोबा जाऊन तो अख्खा डबाच घेऊन आले. तळाशी मूळची वायर निघाली.

लावली. तरी कॉम्प्युटर ढिम्म!

चौथा धडा, दोघांची भाषा. आधी मधला यूएसबी हब काढून वायर थेट कॉम्प्युटरला लावली. मग कॅमेऱ्याचे बटण फोटो काढण्यावरून फोटो बघण्यावर आणले, कारण काही कॅमेरे त्याशिवाय बोलत नाहीत. त्यानंतर मेनूत ‘यूएसबी’ शोधले. तिथे दोन पर्याय असतात, मास स्टोरेज आणि पीटीपी. पहिल्यात कॅमेरा कोठीची किल्लीच कॉम्प्युटरच्या हाती देतो आणि पेन ड्राइव्हसारखा दिसतो. दुसऱ्यात तो किराणा दुकानदारासारखा गल्ल्यावर बसतो, तुम्ही मागाल ते आतून काढून देतो, पण तुम्हाला आत येऊ देत नाही. म्हणून पीटीपीवर असताना ड्राइव्हचे अक्षर शोधू नका. विंडोजमध्ये कॅमेऱ्याचे नाव शोधा, मॅकवर इमेज कॅप्चर उघडा. एक पर्याय चालला नाही, तर दुसरा करून पाहा. कॅमेऱ्याबरोबर आलेली ती सीडी मात्र राहू द्या. ती विंडोज एक्सपीच्या जमान्यातली, आणि एक्सपीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टनेच २०१४ मध्ये सोडला. या दोन्ही भाषा आजच्या कॉम्प्युटरला जन्मतःच येतात.

आमचा कॅमेरा पीटीपीवर होता. मास स्टोरेजवर आणला, वायर काढून पुन्हा लावली आणि ‘टुंग’ असा आवाज झाला. आयुष्यात त्या आवाजाने मला इतका आनंद कधी दिला नव्हता. आधी फाइल उतरवून घेतली, मगच उघडली. (जुन्या कॅमेऱ्यांची चित्रे उघडेनाशी झाली, तर फुकट मिळणारा व्हीएलसी लावा.)

अठरा सेकंद. पोस्टाच्या तिकिटाएवढे चित्र, मागे स्टोव्हचा आवाज. आई पदराला हात पुसत वळतात आणि म्हणतात, ‘‘काय गं, सारखं ते डोळ्याला लावून बसलीयेस? चहा गार होतोय बघ.’’

तीनदा पाहिले. कोणी काही बोलले नाही. मग वहिनी उठल्या आणि आमच्या सौ.ना म्हणाल्या, ‘‘चला, चहा टाकू या.’’

त्या चहा करीत होत्या तोवर मी दोन प्रती केल्या. एक त्यांच्या हार्ड डिस्कवर ठेवली, दुसरी साताऱ्याला त्यांच्या भावाकडे पाठवली. एक प्रत म्हणजे प्रत नव्हेच, हे या सदरात मी वरचेवर सांगतो, पुन्हा सांगतो.

आणखी एक विनंती. कार्डातली मेमरी विजेचा सूक्ष्म भार धरून फोटो जपते आणि तो भार वर्षांगणिक हळूहळू झिरपत जातो. उन्हाळ्यात तापणाऱ्या गॅरेजमध्ये तर जास्तच. तेव्हा ‘उतरवून घेऊ एकदा’ यातला ‘एकदा’ याच शनिवारी धरा. ड्रॉवर उघडा, सेल काढा, कार्ड काढून पोटातही डोकावून पाहा. आणि कॉम्प्युटरने फॉरमॅटचे विचारले, तर लॅपटॉपचे झाकण बंद करा. वहिनींसारखे.

पुढच्या अंकात प्रिंटर. नक्की!