सॉकेट आजचे घ्यावे की उद्याचे?

नवा संगणक जुळवायचा म्हटले की सगळी चर्चा प्रोसेसरभोवती फिरते. मदरबोर्ड उरलेल्या पैशांत घेतला जातो. खरे तर आजचा वेग प्रोसेसर ठरवतो, पण उद्या त्या जागी काय बसेल हे बोर्डाच्या, म्हणजे त्यावरच्या सॉकेटच्या, हातात असते. म्हणून प्रश्न पडतो: पुढची काही वर्षे चालेल अशा नव्या सॉकेटला जास्तीचे पैसे मोजावेत, की उतरत्या भावातले जुने घ्यावे?

नव्याच्या बाजूने एएमडीच्या एएम४चा दाखला दिला जातो. २०१६ साली आलेल्या या सॉकेटने रायझनच्या पहिल्या मालिकेपासून ५०००पर्यंतचे प्रोसेसर सामावून घेतले. कित्येकांनी बोर्ड न बदलता, नुसते बायोस अपडेट करून नवा प्रोसेसर बसवला. २०२२च्या एएम५कडूनही हीच अपेक्षा आहे.

पण त्याच इतिहासाला दुसरी बाजू आहे. २०२० साली कंपनीने ५००० मालिका जुन्या ४०० मालिकेच्या चिपसेटच्या बोर्डांवर चालणार नाही असे आधी सांगितले आणि ग्राहकांनी ओरड केल्यावर निर्णय फिरवला. इंटेलने तर २०१७ मध्ये ११५१ हाच पिनांचा आकडा कायम ठेवूनही आठव्या पिढीला जुन्या बोर्डांची दारे बंद केली. म्हणजे सॉकेट जुळले तरी चिपसेट आणि बायोस जुळतीलच असे नाही, आणि पुढच्या पिढीचे आश्वासन ही काही वॉरंटी नव्हे.

जुन्याचे पारडेही हलके नाही. एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते. एएम४ किंवा इंटेलच्या एलजीए १७००चा डीडीआर४ बोर्ड घेतला, तर हाताशी असलेली रॅम कामी येते आणि वाचलेले पैसे चांगल्या एसएसडीत किंवा पॉवर सप्लायमध्ये घालता येतात. मात्र एच६१०सारख्या साध्या बोर्डावर आय९ बसवणे ही काटकसर नव्हे. सॉकेटमध्ये तो बसतो, पण दीर्घ कामाच्या ताणाला बोर्डाचा वीजपुरवठा कमी पडू शकतो.

आमच्या मते निवाडा स्वतःच्या सवयीवर करावा. गेल्या संगणकात आपण कधी नुसता प्रोसेसर बदलला होता का? बदलला असेल, तर नव्या सॉकेटचे जादा पैसे वसूल होतील. सहा-सात वर्षे वापरून अख्खा डबाच बदलत असाल, तर न वापरल्या जाणाऱ्या उद्यासाठी आज पैसे मोजू नका.

कौल कुठलाही असो, पैसे देण्यापूर्वी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची प्रोसेसरची यादी उघडा आणि आपण निवडलेला प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो ते पाहा. दुकानातल्या बोर्डावर तेच बायोस आहे का, हे तिथेच विचारा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्डही हिशेबात धरा. नाहीतर सगळे जुळूनही पडदा काळाच राहील.