हुंड्यातलं गाव

सिद्धेश्वर तलावाच्या काठाने गेलं की भुईकोट किल्ल्याचा तट दिसतो. गड्ड्याच्या जत्रेला जाता-येता तुम्ही तो शंभरदा पाहिलाय. लेक्चर बुडवून आतल्या बागेत शेंगा खात बसलाही असाल. आता सांगा, हा किल्ला कोणाचा?

कोणी म्हणेल आदिलशाहीचा, कोणी निजामशाहीचा. एखादा अभ्यासू म्हणेल, बहमनींचा. तिघांनाही पूर्ण मार्क. बहमनी राज्याची पाच शकलं झाली आणि विजापूर व अहमदनगर या दोन राजधान्यांच्या मधोमध आपण सापडलो. पुढची शंभरावर वर्षं ‘सोलापूर कोणाचं’ या वादात दोन्हीकडची माणसं मरत राहिली. १५२४ च्या सुमारास इस्माइल आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहाला दिली. लग्न ठरवताना सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचा मुलूख हुंड्यात द्यायची बोलणी झाली होती, असं नगरवाल्यांचं म्हणणं. लग्न लागलं, किल्ला काही हाती आला नाही. विजापूरवाले म्हणाले, असं ठरलंच नव्हतं. आपल्याकडे मानपानावरून फार तर रुसवेफुगवे होतात, इथे थेट फौजा निघाल्या.

पुढे १५५० नंतर विजयनगरच्या रामरायाची मदत घेऊन निजामशहाने किल्ला मिळवला. मग वारं फिरलं. त्याच रामरायाविरुद्ध सुलतानांना एकत्र यायचं होतं, म्हणून पुन्हा सोयरीक जुळली. हुसेन निजामशहाची मुलगी चाँदबिबी अली आदिलशहाला दिली. हुंड्यात काय? सोलापूर! १५६५ च्या जानेवारीत हे सगळे मिळून तालिकोटला लढले, विजयनगर बुडालं, आणि थोड्याच काळात यांची आपापसांत पुन्हा जुंपली. भातवडीची लढाई जिंकल्यावर मलिक अंबरने सोलापूर घेतलं. १६३६ च्या तहात ते परत विजापूरकडे गेलं. १६६८ मध्ये विजापूरने ते औरंगजेबाला देऊन टाकलं. अठराच वर्षांनी विजापूरही त्याच्याच घशात गेलं.

या सगळ्या कहाणीत सोलापूरकर कुठे आहेत? तवारिखांमध्ये आपलं गाव येतं ते किल्ला म्हणून, महसुलाचा आकडा म्हणून, नाहीतर लग्नातली वस्तू म्हणून. वेढ्याच्या दिवसांत तलावावर पाणी भरणाऱ्या बाईला काय वाटत होतं, बाजार बंद पडल्यावर कोष्ट्याने काय खाल्लं, हे लिहायची कोणाला गरज वाटली नाही. विचारलंच नव्हतं त्यांना, तर लिहिणार काय?

आता इतिहासाच्या किंवा राज्यशास्त्राच्या नोट्स काढा. ‘प्राचीन ग्रीक नगरराज्ये’ हा टॉपिक आठवतो का? अथेन्स म्हणजे लोकशाही, स्पार्टा म्हणजे लष्कर, झाली टीप लिहून. पण ग्रीसमध्ये अशी नगरराज्यं शेकड्यांनी होती आणि त्यातली बरीचशी सोलापूरसारखी दोन दांडग्यांच्या मधे सापडलेली होती. त्यातल्या एकाची गोष्ट नोट्समध्ये नसते, म्हणून इथे सांगतो.

प्लाटिया नावाचं छोटं नगर. शेजारी थीब्ज हे मोठं आणि खवचट नगर, म्हणून प्लाटियाने अथेन्सचा हात धरला. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर इराणी फौज उतरली तेव्हा अथेन्सच्या मदतीला धावून आले ते फक्त प्लाटियाचे लोक. अकरा वर्षांनी इराण्यांचा शेवटचा मोठा पराभव झाला, तोही प्लाटियाच्याच शिवारात. तिथे पडलेल्या स्पार्टन सैनिकांच्या थडग्यांची देखभाल हे लोक दरवर्षी करायचे.

मग अथेन्स आणि स्पार्टा एकमेकांच्या उरावर बसले. इ.स.पू. ४२९ मध्ये स्पार्टाने, थीब्जच्या नादाने, याच प्लाटियाला वेढा घातला. बायकामुलं आधीच अथेन्सला पाठवली होती. आत उरले होते प्लाटियाचे ४०० पुरुष, अथेन्सचे ८० आणि भाकरी-तुकड्यासाठी ११० बायका. शत्रूने गावाभोवती विटांची भिंत बांधली होती. आतल्यांनी लांबूनच विटांचे थर मोजले. एकाची मोजणी चुकेल म्हणून अनेकांनी पुन्हापुन्हा मोजले आणि त्या हिशोबाने शिड्या बनवल्या. मग हिवाळ्यातल्या एका वादळी रात्री दोनशेच्या वर माणसं भिंत ओलांडून निसटली. (गणित आयुष्यात कुठे उपयोगी पडतं, असं विचारणाऱ्यांसाठी.)

उरलेल्यांनी इ.स.पू. ४२७ मध्ये शरणागती पत्करली. स्पार्टाहून पाच न्यायाधीश आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: या युद्धात तुम्ही स्पार्टाचं काही भलं केलंत का? प्लाटियावाले म्हणाले, आम्हाला जरा सविस्तर बोलू द्या. आणि बोलले. मॅरेथॉन काढलं, ती थडगी काढली. थीब्जच्या लोकांनी उलट भाषण केलं. मग न्यायाधीशांनी एकेकाला पुढे बोलावून पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि दोनशेहून अधिक जणांना मारून टाकलं. बायका गुलाम झाल्या. पुढे गावही जमीनदोस्त झालं.

शेवट इतका वाईट, तरी प्लाटियाची बाजू आजही वाचता येते. थ्युसिडिडीज हा अथेन्सचा सेनापती-इतिहासकार, त्याने ती पानंच्या पानं लिहिली. कारण प्लाटिया लहान असलं तरी ‘पोलिस’ होतं. खाकी वर्दीतले नव्हेत. ग्रीक भाषेत पोलिस म्हणजे नगर, आणि नगर म्हणजे तट-बुरूज नव्हेत तर एकत्र बसून ठरवणारी माणसं. इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांच्या भीतीने अख्खं अथेन्स रिकामं करून लोक जहाजांवर चढले होते. मागे शहर जळत होतं. ‘तुला आता गावच नाही, तू कशाला बोलतोस,’ असा टोमणा कोणी थेमिस्टोक्लीसला मारला, तेव्हा त्याने समुद्राकडे बोट दाखवलं: आमची दोनशे जहाजं, तेच आमचं नगर.

या हिशोबाने सोलापूर किल्ला होता, ‘पोलिस’ नव्हतं. ते कधी झालं, याची तारीख मात्र सांगता येते.

६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. महिन्याभरात गांधीजींना अटक झाली. शहर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला. ते दिवस सोवळे नव्हते, हेही सांगायला हवं. पोलीस शिपाई मारले गेले, कोर्टाला आग लागली. साहेब लोकांनी शहर सोडलं. आणि मग ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. चौकाचौकांत काँग्रेसचे स्वयंसेवक उभे राहून वाहतूक सांभाळत होते. १२ मेला मार्शल लॉ आला आणि ३० जूनपर्यंत राहिला. शिपायांच्या खुनाचा आरोप ठेवून चौघांवर खटला चालला, आणि १२ जानेवारी १९३१ ला, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, येरवड्यात त्यांना फाशी दिलं.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौकातले पुतळे रोज बघता, आज नावं मोठ्याने वाचा. चार नावं आहेत आणि ती एका भाषेत, एका जातीत, एका धर्मात बसत नाहीत. हे अथेन्सला जमलं नसतं, असं मी म्हणतो तेव्हा गावाच्या प्रेमापोटी फेकत नाही.

इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसने कायदा केला: ज्याचे आई आणि बाप दोघेही अथेन्सचे, तोच नागरिक. बायकांना मत नव्हतं, गुलामांचा तर प्रश्नच नव्हता. आणि बाहेरगावाहून येऊन स्थायिक झालेले ‘मेटिक’ म्हणवले जात. मेटिकाने दरवर्षी डोईपट्टी भरायची, युद्धाला जायचं, पण घर-जमीन घ्यायची नाही आणि सभेत हात वर करायचा नाही. लिसियस नावाच्या मेटिकाच्या घरचा ढाली बनवायचा मोठा कारखाना होता. इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी तो लुटला, त्याच्या भावाला विष पाजून मारलं. लिसियसने लोकशाहीवाल्यांना पैसे दिले, ढाली दिल्या. लोकशाही परत आली. त्याला नागरिक करून घ्यायचा ठराव मांडला गेला आणि तांत्रिक मुद्द्यावर रद्दही झाला. हा माणूस पुढे लोकांना कोर्टातली भाषणं लिहून देत राहिला. इतका हुशार माणूस, पण मत शून्य.

आता आपल्या पूर्व भागाकडे बघा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि मग यंत्रमाग चालवून हे शहर उभं केलं. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, नंतर आणखी गिरण्या आल्या, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे कामगार एकाच भोंग्यावर उठू लागले. अथेन्सच्या कायद्याने यातले किती जण नागरिक ठरले असते? तुमच्या वर्गातली निम्मी मुलं तरी मेटिक निघाली असती.

हे सगळं आज काढायचं कारण तुम्ही आहात. डिग्री झाली की तुमच्यातले बरेच जण पुण्याच्या गाडीत बसणार. त्यात काही चूक नाही, इथे नोकऱ्या कुठे आहेत, असं तुम्ही म्हणाल तर माझ्याकडे उत्तर नाही. पण तिथे काय होतं ते बघा. तिथल्या फ्लॅटचं भाडं तुम्ही भरता, ट्रॅफिकमध्ये तुम्ही अडकता, टँकरचे पैसे तुम्ही देता, आणि नगरसेवक निवडताना यादीत तुमचं नाव नसतं. नाव सोलापूरच्या यादीत असतं आणि मतदानाच्या दिवशी तुम्ही सुट्टी मिळाली म्हणून लोणावळ्याला असता. म्हणजे दोन्हीकडे मेटिक. आणि हे कोणी तुमच्यावर लादलेलं नाही.

इकडे गावात काय झालं, तेही आठवा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं सभागृहात एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. पाणी किती दिवसांआड येतं यावर कट्ट्यावर रोज बोलणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी ‘निवडणूक कधी’ असं विचारलं? मीही विचारलं नाही, म्हणून आवाज चढवत नाही.

अथेन्समध्ये सभेला यायचा कंटाळा करणारे लोक होतेच. त्यांना बाजारातून हाकायला गेरूने भिजवलेली दोरी दोन्ही बाजूंनी ताणून आणत. कपड्याला लाल डाग लागला की दंड. अशी दोरी घेऊन आपल्या नव्या पेठेत कोणी फिरलं तर काय गंमत येईल!

आपल्याकडे दोरी नाही, फॉर्म आहेत. नवं नाव घालायला फॉर्म ६, पत्ता बदलायला फॉर्म ८. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो आणि वर्षात चार तारखा आहेत, एक चुकली तर तीन महिन्यांनी दुसरी. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना गावचा पत्ता ठेवायचा की हॉस्टेलचा, ते स्वतः ठरवता येतं. अथेन्सच्या माणसाला ही सोय नव्हती. पणजोबांचं नाव ज्या खेड्यात नोंदलं, तिथेच त्याचंही राहायचं, मग तो कुठेही राहो. आणि मॅरेथॉनकडच्या शेतकऱ्याला सभेत हात वर करायचा तर सुमारे चाळीस किलोमीटर चालावं लागे. सभा सकाळी लवकर भरायची, म्हणून तो आदल्या दिवशीच निघायचा.