लिनक्स आले, आता शिक्षकांना वेळ द्या

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ आपल्या जुन्या संगणकांवर चालत नाही, म्हणून संगणक-कक्षात लिनक्स आले. खर्च वाचला, विश्वस्त समाधानी आहेत. तक्रारी मात्र शिक्षकांच्या वाट्याला येतात, आणि त्या खोट्या नाहीत.

मुले लवकर रुळली. खरी अडचण मराठीची आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या शाळेत मराठीचे स्वाध्याय आपणच तयार करतो. जुने स्वाध्याय युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर ते उघडले की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. दोष लिनक्सचा नव्हे. त्या फायलींत मराठी अक्षरे साठवलेलीच नाहीत, इंग्रजी अक्षरांना मराठी रूप चढवलेले आहे. (पुढेमागे विंडोजवरही हेच झाले असते.) रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण नंतर जोडाक्षरांसाठी प्रत्येक पान वाचावेच लागते. शिवाय टाइपरायटरवर बसलेल्या हातांना इनस्क्रिप्ट कळफलक नव्याने शिकायचा: स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे.

हे काम शाळा सुटल्यावर उरकण्यासारखे नाही. वाचलेल्या पैशांतून वर्षभर शिक्षकांना आठवड्याला दोन तास मोकळे द्यावेत, आणि जाणकार पालकांनी शनिवारी कक्षात यावे. केरळातील सरकारी शाळांत लिनक्स रुजले ते शिक्षकांच्या प्रशिक्षणासह. प्रिंटर रुसला म्हणून दुसऱ्याच महिन्यात कुठूनतरी आणलेली विनापरवाना विंडोज चढवावी, ही सूचना मात्र मला मुळीच मान्य नाही.